क्रॉसओव्हर इव्हेंटांचा कंटाळा आलाय, पण सोडवतही नाही. तुम्ही कसं वाचता?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. नवीन मंडळींसाठी, क्रॉसओव्हर इव्हेंट म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतले हिरो एकत्र आणून सगळ्या मालिकांत पसरवलेली एक मोठी गोष्ट.

मी कोल्हापूरचीच, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. कॉमिक्सचा नाद मला तसा उशिरा लागला, २०१४ च्या दिवाळीत धाकट्या भावाने टॅबमध्ये मिस मार्वल घालून दिली तिथून. कमला खान. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची पोरगी, रात्री पार्टीला जायची परवानगी नाही म्हणून गुपचूप घरातून सटकते आणि त्याच रात्री धुक्यात सापडून तिला हातपाय हवे तेवढे लांबवायची ताकद येते. जी. विलो विल्सनने लिहिलेलं, एड्रियन अल्फोनाची चित्रं. तिचा धर्म वेगळा, देश वेगळा, पण घरातलं बोलणं डिट्टो आमच्या घरातलं. मी पण अकरावीत असताना क्लासला जाते सांगून शिवाजी पेठेत मैत्रिणीकडे गॅदरिंगच्या डान्सच्या प्रॅक्टिसला जायचे, त्यामुळे ती मला पहिल्या अंकातच आपली वाटली.

तर ही मालिका १९ अंक चालली आणि २०१५ ला सीक्रेट वॉर्स हा इव्हेंट आला म्हणून बंद झाली. शेवटच्या चार अंकांत आभाळात दुसरी पृथ्वी दिसायला लागते, जग संपणार म्हणून सगळं गाव शाळेत गोळा होतं, आणि त्या गोंधळात कमला आईला सांगायला जाते की मीच ती मिस मार्वल, तर आई म्हणते मला माहीत होतं गं. मी ते केएमटीच्या बसमध्ये उभ्याने वाचलं होतं आणि तावडे हॉटेलचा स्टॉप कधी गेला कळलं नाही मला. म्हणजे इव्हेंटमध्ये चांगलं काही होतच नाही असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते.

मग नोव्हेंबर २०१५ ला परत अंक नंबर १. आठ महिने जातात न जातात तोवर सिव्हिल वॉर २, कमलाचे आठ ते अकरा हे चार अंक त्यात गेले. युलिसिस नावाच्या पोराला पुढचं दिसतं, कॅप्टन मार्वल म्हणते गुन्हा होण्याआधीच माणूस उचला, आयर्न मॅन म्हणतो असं चालणार नाही, आणि कमला मधे सापडते कारण कॅप्टन मार्वल तिची देवी. त्यात तिचा जिवलग मित्र ब्रूनो जबर जखमी होतो आणि मैत्री तुटते. मला नीट कळावं म्हणून मी मुख्य मालिकेचे सगळे अंक पण वाचले. आज मला कोणी विचारलं तर त्यातली दोन-चार पानंच आठवतात, ब्रूनो हॉस्पिटलमध्ये पडलेला मात्र लख्ख आठवतो.

त्यानंतर २०१७ ला सीक्रेट एम्पायर, २०१९ ला वॉर ऑफ द रिअल्म्स, २०२० ला एम्पायर, लगेच किंग इन ब्लॅक, २०२२ ला जजमेंट डे, २०२४ ला ब्लड हंट. प्रत्येक वेळी अमुक वाचायचं तर आधी तमुक वाचा, आणि प्रत्येक वेळी "यानंतर काहीच पूर्वीसारखं राहणार नाही".

आणि जे मला खरंच लागलं ते २०२३ चं. मे महिन्याच्या शेवटाला कमलाला मारलं. कुठं, तर स्पायडरमॅनच्या २६ नंबरच्या अंकात! तिच्या स्वतःच्या पुस्तकात नाही. तिची आई नाही, अब्बा नाहीत, ब्रूनो नाही, पाहुण्याच्या घरी जाऊन मेली बिचारी. जुलैत तिच्या शोकाचा वेगळा अंक काढला आणि त्याच जुलैत म्युटंट करून जिवंत पण केली. मी नऊ वर्षं त्या पोरीबरोबर होते, मला तिचं वाईट वाटायलासुद्धा दोन महिने पुरे दिले नाहीत. नेटवर लोक लिहीत होते की नोव्हेंबरात तिचा पिक्चर आहे म्हणजे परत येणारच, आणि ते बरोबर निघालं.

तेव्हापासून नवीन इव्हेंटची जाहिरात दिसली की मला थकल्यासारखं होतं. राग नाही येत, थकवा येतो. एक अंक चार डॉलरचा म्हणजे साडेतीनशे रुपये धरा, मी ॲपवर तीन महिने उशिरा वाचते म्हणून परवडतं, पण वेळेचं काय, रात्री लेक झोपल्यावर पाऊण तास मिळतो मला. तो पाऊण तास मला कमलाबरोबर घालवायचा असतो, आभाळ फाटून कोण खाली येतंय ते बघण्यात नाही.

तुम्ही लोक काय करता? टाय-इन, म्हणजे इव्हेंटला जोडलेले बाकीच्या मालिकांचे अंक, सोडून वाचलं तर कळतं का? का सरळ बंदच करावं?

लाल_माती

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही थकलाय म्हणजे तुमचं काही चुकत नाही. मी १९९८ पासून वाचतोय आणि तालमीतला माणूस आहे, त्यामुळे मला जे समजतं त्या भाषेत सांगतो.

खासबागेत मैदान असलं की काय होतं. दुपारपासून बारक्या पोरांच्या कुस्त्या, मग वाढत वाढत पहिल्या नंबरची जोड दिवे लागल्यावर. हलगी वाजायला लागली की माणूस बसल्या जाग्यावर बसू शकत नाही. पण ती जोड बघायला माणसं का येतात, तर दोन्ही पैलवान वर्ष-वर्ष कुठल्या तालमीत, कुठल्या वस्तादाच्या हाताखाली घाम गाळत होते हे गावाला ठाऊक असतं. ह्याचा ढाक चांगला, त्याला पट काढता येतो, मागच्या वेळी हा पडला होता आणि सहा महिने मातीत तोंड घालून मेहनत केली. मैदान एका दिवसाचं, तालीम बारा महिन्यांची. आता कोणी म्हणालं दर रविवारी जंगी मैदान भरवू, तर पैलवानाने मेहनत करायची कधी? आणि मेहनत दिसली नाही तर आम्ही बघायचं काय, नुसती दोन अंगं?

महिन्याच्या महिन्याला येणारी मालिका ही तालीम आहे बघा. कमला आईशी भांडते, ब्रूनोच्या दुकानात जाते, मशिदीतल्या शेखना उलटे प्रश्न विचारते, ही तिची मेहनत चाललेली असते. इव्हेंट हे मैदान. १९८४ ला मार्वलने पहिलं सीक्रेट वॉर्स काढलं, बारा अंक, मॅटेलची खेळणी खपवायला काढलं हे खरं आहे, पण तोपर्यंत सगळी मंडळी एका फडात उतरलेली बघायला मिळणं हेच दुर्मिळ होतं. १९८५ ला मार्वलची स्पर्धक कंपनी डीसीने क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स काढलं, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ, त्यात सातव्या अंकात सुपरगर्ल गेली आणि आठव्यात फ्लॅश, बॅरी ॲलन. आणि गेला म्हणजे गेला, त्याच्या जागेवर वॉली वेस्ट आला, एक अख्खी पिढी वॉलीलाच फ्लॅश म्हणत मोठी झाली, बॅरी कायमचा परतला तो २००८ ला. तेवीस वर्षं! ह्याला म्हणतात निकाली कुस्ती. पाठ टेकली, चितपट, पंचांनी हात वर केला, वाद संपला.

२०११ ला ह्युमन टॉर्च जानेवारीत मेला, नोव्हेंबरात परत. आणि तुमची कमला दोन महिन्यांत. तेवीस वर्षं, दहा महिने, दोन महिने. कोल्हापुरात असल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आधी ठरवून लावलेली, आणि नुरा चाललीय हे कळलं की पब्लिक काय करतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

ऑक्टोबर २०२५ ला तर डीसीने खरोखरचं मैदानच भरवलं, डीसी के.ओ. म्हणून. हिरो हिरोशी लढणार आणि जो टिकेल तो डार्कसाईड या खलनायकासमोर उभा राहणार. मी पहिला अंक वाचला, चित्रं दणकट आहेत, मारामारी बघायला मजा येते. पण सुपरमॅन आणि जो कोण समोर उभा आहे त्यांच्यात मागचं काही शिल्लक आहे का, जुना हिशोब आहे का, हे मी शोधत बसलो आणि सापडेना. नुसती जोड लावून चालत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माझ्या मते टाय-इन सोडलं तर नव्वद टक्के वेळा काही बिघडत नाही. मी २०१६ पासून सोडतो.

विषय_हार्ड_भावा

लाल माती काका, मान ठेवून बोलतो, पण एवढं पण वाईट नाय ओ. मी एकवीस वर्षांचा आहे, २०१८ ला पार्वतीला थानोसचा पिक्चर बघितला, बाहेर आलो तर डोकं बधिर, मग शोधून शोधून १९९१ चं इन्फिनिटी गॉन्टलेट वाचलं. सहा अंक, जिम स्टार्लिन. थानोस चुटकी वाजवतो आणि अर्धं विश्व गायब. मला त्यातली निम्मी माणसं कोण हेच माहीत नव्हतं, सिल्व्हर सर्फर कोण, ॲडम वॉरलॉक कोण, काय पत्ता नाय, पण त्या एका पुस्तकातून मी पंधरा मालिका वाचायला लागलो. इव्हेंट म्हणजे आमच्यासारख्या नवीन पोरांना दार आहे ते. तुम्ही आतले लोक, तुम्हाला दाराची किंमत वाटत नाय.

आणि ताई, राग मानू नका, पण तुमची कमला पण इव्हेंटमधूनच आलीय. ते धुकं कुठनं आलं? २०१३ च्या इन्फिनिटीत ब्लॅक बोल्टने टेरिजेन बॉम्ब फोडला त्याचं धुकं जगभर पसरलं, ते जर्सी सिटीत पोचलं आणि कमला अंड्यासारख्या कवचातून बाहेर आली. तो इव्हेंट झाला नसता तर तुमची पोरगी कुठनं आली असती?

मला ब्लड हंट पण आवडलं. व्हॅम्पायर, सगळीकडे अंधार, पाच अंकात खेळ खल्लास. जाळ अन् धूर संगटच. एवढंच असतं, दर वेळी जन्मभराचं थोडंच पाहिजे माणसाला.

जुनी_लायब्ररी

विषय हार्ड, तुझा धुक्याचा मुद्दा चोख आहे. पण त्यातच उत्तर पण आहे बघ. इन्फिनिटीने धुकं सोडलं आणि बाजूला झालं, पुढे वर्षभर त्या लेखिकेला आपल्या पोरीची गोष्ट आपल्या पद्धतीनं सांगू दिली. इव्हेंटनं बी टाकलं, पीक मालिकेनं काढलं. आता रोज नांगरतात रे, उगवायला सवडच नाही.

मी साठीचा आहे. मंगळवार पेठेत आमच्या वडिलांची भाड्याने पुस्तकं द्यायची लायब्ररी होती, लाकडी फळ्या आणि सुतळीला अडकवलेली कॉमिक्स. इंद्रजाल मराठीत यायचं, वेताळ, मँड्रेक, पुढं बहादूर. पोरं पायरीवर बसून वाचायची, घरी न्यायचे पैसे वेगळे. मी त्या पायरीवरच वाढलो. एका अंकात गोष्ट सुरू आणि त्याच अंकात बहुतेक वेळा संपली, पुढचा अंक आला नाही तरी पोराचं अडत नव्हतं. १९६४ ला सुरू झालेलं ते १९९० ला बंद झालं, त्या वर्षी वडील म्हणाले आता ह्या सुतळ्या काढून टाक, मी काढल्या नाहीत.

क्रॉसओव्हर तेव्हा नव्हता असं नाही. ली फॉकने मँड्रेक १९३४ ला काढला, वेताळ १९३६ ला, दोन्ही त्याचेच. वेताळाचं आणि डायनाचं लग्न लावलं कधी, तर १९७७ ला, एक्केचाळीस वर्षांनी! आणि त्या लग्नाला मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार आले होते. बस, एवढाच क्रॉसओव्हर. कुणाचं जग बुडालं नाही, कोण मेलं नाही. दोन घरची माणसं एका मांडवात दिसली तर आमच्या पायरीवर पोरांनी अंक फाटेस्तोवर वाचला, मला तो चिकटपट्टी लावून तीन वेळा शिवावा लागला.

आता हे इतक्या वेळा का करतात ते थोडं सांगतो, कारण नुसतं लेखकांना शिव्या घालून उपयोग नाही. अमेरिकेत कॉमिक्सची दुकानं जो माल मागवतात तो बराचसा परत करता येत नाही, पेपरच्या स्टॉलसारखं नाही ते. दोन-तीन महिने आधी कॅटलॉग बघून ऑर्डर द्यायची आणि उरला तर दुकानदाराच्या बोकांडी. म्हणजे कंपनीला गिऱ्हाईक आपण नाही, दुकानदार आहे. त्याने ऑर्डर वाढवली की कंपनीचं काम झालं. आणि दुकानदार ऑर्डर कशावर वाढवतो, तर कव्हरवर इव्हेंटची पट्टी असली की, नाहीतर नंबर १ असला की. त्यामुळे वीस हजार प्रतींवर रेंगाळणाऱ्या मालिकेला पट्टी चिकटवायचा मोह होतो, दोन महिने आकडा वर जातो, मग खाली येतो तो आधीपेक्षा खाली, कारण मधेच गोष्ट तुटली म्हणून तुमच्यासारखे चार वाचक सुटलेले असतात. मग पुन्हा पट्टी.

मी लायब्ररी चालवली आहे त्यामुळे हे मला चांगलं कळतं. गिऱ्हाईक आज येतंय ह्यापेक्षा पुढल्या शनिवारी परत येतंय का हे बघायचं असतं. नव्वदच्या दशकात त्यांनी ही चूक एकदा केलेली आहे. १९९१ ला एक्स-मेन नंबर १ पाच वेगवेगळ्या कव्हरांत काढला, ऐंशी लाखांच्या वर प्रती गेल्या, लोकांनी वाचायला नाही तर पुढं किंमत येईल म्हणून पेट्यांत भरून ठेवल्या. फुगा फुटला, ढिगानं दुकानं बंद झाली आणि डिसेंबर १९९६ ला मार्वलने दिवाळखोरीचा अर्ज केला. वाचणारा माणूस आणि विकत घेणारा माणूस हे दोन वेगळे झाले की धंद्याचं असं होतं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

जुनी लायब्ररी काका, ते लग्नाचं वाचून अंगावर काटा आला. आमचे बाबा पण वेताळ वाचायचे, त्यांना आज विचारते.

विषय हार्ड, तू बरोबर आहेस रे, राग कसला. धुक्याचं मला माहीत होतं पण असं कधी जोडून बघितलं नव्हतं. आणि आईच्या त्या प्रसंगाचं मी वर लिहिलंच आहे, तो पण इव्हेंटमुळेच झाला, जग बुडत नसतं तर कमलाने आईला सांगितलं नसतं. म्हणून मी विचार करत होते की मग २०१५ चं मला का चाललं आणि २०२३ चं का नाही. मला वाटतं २०१५ ला जग बुडत होतं ते तिच्या शाळेच्या गच्चीवरून दिसत होतं. तिचं घर, तिची आई, तिचा भाऊ आमीर, सगळे तिथंच होते. लेखिका तीच होती. २०२३ ला तिला उचलून दुसऱ्याच्या घरात नेलं, तिथं ती ऑस्कॉर्पमध्ये इंटर्न म्हणून इकडे-तिकडे दिसायची, आणि मेरी जेनचं रूप घेऊन तिच्या जागी मेली. जिच्यासाठी मेली तिच्याशी तिचं चार वाक्यांचं बोलणं असेल. अंक मिटला तेव्हा मला पहिला विचार आला की हिच्या आईला कोण सांगणार. आणि ते ज्या पानावर दिसायला पाहिजे होतं ते पान त्या अंकात नाहीच.

सोडून द्यायचा विचार तिथं पक्का झाला होता खरं तर. पण लेक आता सात वर्षांची आहे, परवा टॅबमध्ये कमलाचा पहिला अंक उघडून बसली होती, इंग्लिश सगळं कळत नाही तिला, चित्रं बघत होती. तिला कुठपर्यंत वाचायला देऊ हे पण मला कळेना.

कुंभार_गल्ली_शाहूपुरी

इथं सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण ह्या विषयावर मला सांगायचं आहे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेलं होतं. आमचं घर कुंभार गल्लीत तळमजल्याला. पाणी चढायला लागलं तेव्हा आधी आजीला उचललं, मग गॅस सिलिंडर, कागदपत्रं, टीव्ही माळ्यावर टाकला. पलंगाखाली माझ्या पंधरा वर्षांच्या कॉमिक्सच्या सहा पेट्या होत्या, त्या राहिल्या. बरेच दिवस घरात जाता आलं नाही.

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत अंक नव्हते, वीट होती. गुळगुळीत कागद असतो ना तो, भिजला की पानं एकमेकांना अशी धरतात की सुटतच नाहीत, सोडवायला गेलं की वरच्या पानाचा चेहरा खालच्या पानावर राहतो. पिना गंजून मधोमध तांबडी रेघ. मी आणि बायकोनं गच्चीवर दोरी बांधून कपड्याचे चिमटे लावून जे सुटत होते ते वाळत घातले. सगळ्या गल्लीत गाद्या आणि पोरांची दप्तरं वाळत होती, आमच्या गच्चीवर बॅटमॅन. शेजारच्या मावशी बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी जादाचे चिमटे आणून दिले.

तर सांगायचं हे की नंतर दोन-तीन वर्षांत हातात जरा पैसे आल्यावर मी ठरवलं की जे खरंच हवं आहे तेवढंच परत घ्यायचं. यादी करायला बसलो. गेलेल्या पेट्यांत निम्म्याच्या वर इव्हेंट होते, सिव्हिल वॉर, सीक्रेट इन्व्हेजन, सीज, फियर इटसेल्फ, एज ऑफ अल्ट्रॉन, टाय-इनसकट. त्यातलं एकही परत घ्यावंसं वाटलं नाही. घेताना ते मला जरुरीचं वाटलं होतं, हे नाही वाचलं तर मागे पडू असं, पण मागे म्हणजे कशाच्या मागे ते मला आज सांगता येत नाही. परत घेतलं ते डेअरडेव्हिलचं बॉर्न अगेन, १९८६ चं, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली, सात अंक फक्त. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहाची हॉकआय. आणि इव्हेंटमधलं एकच, २००७ चं सिनेस्ट्रो कोअर वॉर, कारण ते जवळजवळ सगळं ग्रीन लँटर्नच्या दोन मालिकांतच घडतं, बाहेर धावाधाव नाही, आणि सिनेस्ट्रो आणि हॅल जॉर्डन ह्यांचं भांडण आधीपासून मुरलेलं. लाल माती म्हणतात तसा जुना हिशोब आहे त्यात.

एक गोष्ट मात्र पुरातून वाचली. २००९ ला ब्लॅकेस्ट नाइटच्या वेळी डीसीने दुकानांतून रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या अंगठ्या वाटल्या होत्या, माझ्या मावसभावाने अमेरिकेतून पाठवल्या होत्या. चिखलात बरबटलेल्या सापडल्या, नळाखाली धरल्या की नव्यासारख्या. त्या आहेत अजून माझ्याकडे, काळी सोडून सगळ्या.

लाल_माती

कुंभार गल्ली, भावा, त्या पुरात आमच्या तालमीचा आखाडा पण गेला होता, सगळी माती बदलावी लागली. वाचून ते सगळं डोळ्यासमोर आलं.

ताई, तुम्हाला पद्धत विचारायची होती ती राहिलीच. मी काय करतो सांगतो. इव्हेंट आला की मुख्य मालिका त्या वेळी वाचतच नाही. माझ्या मालिकेचा टाय-इन आला तर लेखक तोच आहे का बघतो, तो असला तर वाचतो, दुसऱ्या कोणी दोन अंकांपुरता लिहिला असेल तर सरळ पुढं जातो. मुख्य इव्हेंट सगळा संपल्यावर वर्षभराने कोणाच्या तरी तोंडात नाव असेल तरच हातात घेतो. २०१५ चं सीक्रेट वॉर्स मी असंच नंतर वाचलं आणि बरं झालं, कारण त्या वेळी ते लांबत लांबत जानेवारी २०१६ ला संपलं आणि त्यानंतरच्या गोष्टीचे अंक ऑक्टोबरपासूनच बाजारात होते, शेवट आधी आणि क्लायमॅक्स नंतर. सलग वाचलं तर लेखक हिकमनने तीन वर्षं ॲव्हेंजर्समध्ये काय पेरलं होतं ते नीट दिसतं. खलनायक डूम आणि त्याचा जुना वैरी रीड रिचर्ड्स यांची शेवटची झुंज ही खरी पहिल्या नंबरची कुस्ती आहे, निकाली.

आणि काही लेखक कंपनीशी बोलून आपली मालिका बाजूला ठेवतात. अल ईविंगचं इमॉर्टल हल्क, २०१८ ते २०२१, पन्नास अंक. मधे ॲब्सोल्यूट कार्नेज आलं, किंग इन ब्लॅक आलं, त्याचं जे काय असेल ते वेगळ्या जादा अंकात घातलं, मुख्य पन्नास सलग वाचता येतात. भयानक आहे मात्र, लेकीला दाखवू नका.

विषय_हार्ड_भावा

काका ते इमॉर्टल हल्क मी रात्री दोनला वाचलं होतं, झोपच नाय आली.

आणि खरं सांगतो, वरचं सगळं वाचून मला माझंच एक आठवलं. मी सध्या महिन्याला वाट बघतो ती फक्त ॲब्सोल्यूट बॅटमॅनची आणि २०२४ ला सुरू झालेल्या नव्या अल्टिमेट स्पायडरमॅनची बघत होतो. दोन्ही वेगळ्या जगातली, मागचं काय माहीत नसलं तरी चालतं. म्हणजे दार म्हणून मी इव्हेंटचं नाव घेतलं पण आता मित्रांना देताना मी ब्लड हंट देत नाय, हे देतो. हे मला लिहिताना कळलं.

जुनी_लायब्ररी

सातवी गल्ली, लेकीचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या पायरीवर पोरं यायची तेव्हा वडील कधीच क्रमाने अंक द्यायचे नाहीत. पोर कव्हर बघून जो उचलेल तो. मालिकेचा तिसरा अंक उचलला तर तिसरा. पोरं मागचं-पुढचं आपापलं जुळवून घेतात, आणि जुळलं नाही तर स्वतः रचतात. तिला ते १९ अंक द्या. एकोणिसाव्यात आई आणि पोरगी एकत्र आहेत, जग बुडतंय, आणि पुढं काय झालं ते तिनं विचारलं तर तेव्हा बघू.

बाबांना वेताळाचं विचारलंत का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

विचारलं काका. बाबांना लग्नाचा अंक आठवतोय, लोथारने कुठले कपडे घातले होते त्यावर आईशी वाद पण घातला त्यांनी. बाबा म्हणतात तुमची लायब्ररी त्यांना माहीत आहे, पायरीवर उजव्या हाताला पाण्याचा माठ होता का?

लाल माती दादा, पद्धत पटली, लेखक तोच आहे का एवढंच बघायचं हे मला जमेल. ॲपमधून सगळ्या इव्हेंटांची यादी काढून टाकली आज, १९ अंकच ठेवलेत लेकीसाठी, आणि माझ्यासाठी हॉकआय उतरवून घेतलं. कुंभार गल्ली, बॉर्न अगेन कागदावर वाचायचं आहे हो, कुठं मिळेल?

कुंभार_गल्ली_शाहूपुरी

माझं न्या. रविवारी संध्याकाळी सहाला आम्ही सगळे रंकाळ्यावर असतो, संध्यामठाच्या बाजूला. बायको पण येईल. लेकीला घेऊन या, तिला एक अंगठी निवडू दे. हिरवी माझी आहे, ती सोडून कुठलीही.

जुनी_लायब्ररी

माठ होता. उजव्या हातालाच. मी पण येतो रविवारी.